उतरलेल्या पाण्याची बातमी

दूध संस्थेची माडी, ता. शिरोळ
सोमवार, ११ मे २०२६

प्रिय संघप्रिया,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी घाबरली असशील. कागदावर मी तुला शेवटचं लिहिलं ते पॉलिटेक्निकला असताना, आणि तेही जर्नल उतरवून दे म्हणून. घाबरू नकोस, तात्या ठणठणीत आहेत. काल रात्री दोन भाकऱ्या आणि भरीत खाल्लं, वर मीठ कमी आहे म्हणून मलाच ऐकवलं. हे सगळं फोनवर लिहिलं असतं तर तू दोन ओळी वाचून लगेच फोन लावला असतास. फोनवर तू बोलतेस आणि मी नुसता हं हं करतो, हे आपलं शाळेपासूनचं आहे. आज मला मधे कुणी बोलायला नको आहे.

रविवारी तू तात्यांना न्यायला येणार आहेस. गेल्या महिन्यात तू मला सगळं समजावून सांगितलंस. ज्या माणसानं एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात नदीची मोजपट्टी वाचली, तो भर पुरात आपल्या पायांनी गावात परत जातो, एकतीस तास विहाराच्या गच्चीवर अडकतो, न्यूमोनिया घेऊन बाहेर येतो आणि का गेलात असं विचारलं की 'वाटलं, गेलो' म्हणतो. तुझ्या पुण्याच्या डॉक्टरांनी विसरभोळेपणाची सुरुवात असेल म्हटलं. पुढचा पावसाळा त्यांना नदीकाठी एकट्यानं काढू द्यायचा नाही, घर भाड्यानं द्यायचं, किल्ली दूध संस्थेच्या हंबीररावांकडे ठेवायची. तुझ्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. काकू गेल्यापासून त्यांना तुझ्याशिवाय आहे कोण? तात्यांना विचारलं तर 'पोरगी म्हणंल तसं' म्हणतात. दहा बाय दहाच्या खोलीत ज्यांना गुदमरतं, ते तात्या पुण्यात तुझ्याकडं चौथ्या मजल्यावर राहायला हूं का चूं न करता तयार झाले, हे मला खातंय. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण मी जरा वळसा घालून येतो. सरळ आलो तर मधेच धीर सुटेल.

आधी गावाकडची बातमी. आपलं ॲपवरचं जुनं पान मी बंद केलं. 'कृष्णाकाठ पाणीपातळी', सात वर्षं, एकसष्ट हजार माणसं, सगळं. एकवीसच्या पुरानंतर तू जे सांगत होतीस तेच शेवटी केलं, फक्त चार वर्षं उशिरा आणि तुझ्याशिवाय. हसलीस तरी चालेल, तुझा हक्क आहे तो.

आपलं भांडण आठवतं ना? तुमच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसलो होतो, भिंतीवर पुराच्या पाण्याची ओल अजून वाळायची होती. तू तीन पानी आराखडा काढून आणला होतास. हे ॲप म्हणजे दुसऱ्याचं अंगण आहे, मालक उद्या फाटक लावेल नाहीतर मधेच दुकान थाटेल, आपण आपलं काढू, असं तुझं म्हणणं. मला कळावं म्हणून तू दूध संस्थेचं उदाहरण दिलंस. प्रत्येक गावाची आपली संस्था, आपला सचिव, तरी सगळ्यांचं दूध एका संघाला जातंच की. तसाच प्रत्येक गावाचा आपला छोटा सर्व्हर, एकमेकांशी बोलणारे, मालक कुणी एक नाही, आणि एकानं शटर ओढलं म्हणून सगळा तालुका मुका होत नाही. मी म्हणालो, लोक जिथं आहेत तिथंच बोलायला पाहिजे, रिकाम्या मैदानात भाषण कोण करतं? बोलणं बरोबर वाटत होतं मला. खरं सांगायचं तर मला आकडा चढला होता. कोल्हापुरात सत्कार झाला, फेटा बांधला, आणि तू बाहेर येऊन म्हणालीस की फेटा एक नंबर मोठा झालाय. त्याचा राग मी तीन पानांवर काढला, ती उघडलीच नाहीत. तू पान सोडलंस, पुढं पुण्याला गेलीस, आणि आपण फक्त तात्यांच्या तब्येतीपुरतं बोलायला लागलो.

ती तीन पानं मी डिसेंबरात उघडली. त्यात लिहिल्याबरहुकूम केलं. शिरोलीला आमच्या फौंड्रीत जुना कॉम्प्युटर भंगारात निघाला होता, साहेबांच्या पाया पडून तो आणला. ठेवायचा कुठं, तर दूध संस्थेच्या माडीवर, कारण दुधाच्या टाकीसाठी तिथं इन्व्हर्टर आहे आणि एकोणीसच्या पाण्यातही माडी कोरडी राहिली होती. हंबीरराव सचिव म्हणून आधी गुरगुरले, आता येईल त्या पाहुण्याला जिना चढवून दाखवतात, जसं काही म्हैसच व्यालीय. जुन्या पानावर निरोपाचं लिहिलं, की आम्ही इथून चाललोय, नवा पत्ता अमुक. त्यात बाहेरचा पत्ता होता म्हणून ॲपनं ते कुणाला दाखवलंच नाही. एकसष्ट हजारांतल्या नव्वद जणांनी वाचलं. मग संस्थेच्या भिंतीवर पत्ता रंगवला आणि घंटागाडीच्या भोंग्यावरून आठ दिवस ओरडून घेतलं. आज नव्या पानावर तीनशे सत्तेचाळीस माणसं आहेत. पण सगळी आपल्या अकरा गावांतली. नदीच्या वरच्या अंगाला केरबानं त्याच्या गावात त्याचा वेगळा सर्व्हर काढलाय, त्याची नोंद आमच्यात दिसते, आमची त्याच्यात. मार्चमध्ये आमचा कॉम्प्युटर दोन दिवस बसला, तेव्हा लोकांनी केरबाकडं वाचलं. झुंबरबाई, आपली पिठाच्या गिरणीवाली, पहिल्या दिवशी बोट फिरवून फिरवून दमली आणि म्हणाली, ह्यात नाच न्हाईत व्हय? नाहीत म्हटल्यावर फोन ठेवून दिला. आता रोज सकाळी गिरणी सुरू करायच्या आधी बघते.

ती बघते ती तात्यांची नोंद. हे मी तुला सांगितलं नव्हतं. जानेवारीपासून रोज सकाळी सहाला तात्या बंधाऱ्यावर जातात आणि पाणी लिहितात. तारीख, वार, वेळ, फूट, इंच. उन्हाळ्यात पाणी आहे किती, वाचणार कोण, असं मी म्हणालो तर मलाच झापलं, की उन्हाळ्यातलं पाणी लिहिलेलं नसलं तर पावसाळ्यातलं कशाला लावून बघणार? नव्या पानावर जे आधी लिहिलं ते आधी आणि जे नंतर ते नंतर दिसतं, मधे कुणी ढवळत नाही, हे त्यांना फार आवडलंय. एप्रिलात एक दिवस त्यांना ताप होता म्हणून मी गेलो. मी लिहिलेला आकडा वाचून त्यांनी अंथरुणातून फोन केला, की काल संध्याकाळी बंधाऱ्याच्या दोन फळ्या काढल्यात, पाणी एवढं असणार नाही, परत जाऊन बघ. मी चार इंचांनी चुकलो होतो. तू न्यायची तारीख ठरवल्यापासून मात्र ते झुंबरबाईला शिकवायला लागलेत. ती म्हणते, फूट मला कळतंय, इंच तुम्ही सांगा. तात्या म्हणतात, इंचासाठीच तर शिकायचं.

आता तू विचारशील, एवढी वर्षं चिकटून बसलेला माणूस जुनं पान सोडून निघाला कसा. ते ॲप हळूहळू सडत गेलं ते तू बघितलंच असशील. पाण्याच्या बातमीखाली कर्ज हवे आहे का म्हणून विचारणारे, कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातल्या पुराचे फोटो आपले म्हणून टाकणारे, एकमेकांच्या आयाबहिणी काढणारे. आपल्याच गावच्या माणसांना आपलीच बातमी दिसायला पाहिजे असेल तर पैसे भरा, असंही ते सांगायला लागलं. पण सडलं ते फक्त ॲप, असं म्हणून मला सुटता येत नाही. माझं लिहिणंही त्याच्याबरोबर बदललं. एकोणीसला तात्यांनी आपल्या दोघांना मोजपट्टीसमोर उभं करून शिकवलं होतं, 'तारीख न्हाय ती नोंद न्हाय, नुसत्या गप्पा हाईत.' सुरुवातीला आपण तसंच लिहायचो. तू गेल्यावर माझ्या लक्षात आलं की तारीख, फूट, इंच असं लिहिलं की ते तीनशे जणांना दिसतं, आणि 'आज सकाळी' असं लिहून फोटो लावला, जरा चुरचुरीत केलं, की तीस हजारांना. मग मी तारीख सोडली. इंच सोडले. कुणी मला सांगितलं नव्हतं तसं करायला. आकडा वर जायचा आणि मला बरं वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात जुलैच्या शेवटी गाव रिकामं केलं तेव्हा तात्या जयसिंगपूरच्या छावणीत होते, हे तुला माहीत आहे. मी हंबीररावांबरोबर संस्थेच्या माडीवर थांबलो होतो. मंगळवारी सकाळी पाणी दीड फुटानं उतरलं. मी लिहिलं, 'आज सकाळी पाणी दीड फूट उतरलं, वरचा रस्ता उघडा झाला. खराटे घेऊन चला घराकडं!' उघड्या पडलेल्या रस्त्याचा फोटो लावला. तुला तर ठाऊक आहे, पुरानंतर गाळ ओला असतानाच धुवायचा असतो, वाळला की खणून काढावा लागतो, त्यामुळे आपल्याकडं पाणी उतरलं म्हटलं की माणूस आधी खराटा शोधतो. अकरा हजार लोकांना ते आवडलं. संध्याकाळी धरणातून पाणी सोडल्याचं कळलं. मी लगेच लिहिलं, पाणी पुन्हा चढणार, कुणी येऊ नये. बुधवारी तीनदा लिहिलं, गुरुवारी पहाटे लिहिलं. फोटो नव्हता, गंमत नव्हती. दोनशे बारा जणांना दिसलं. हा आकडा मी नंतर बघितला, तेव्हा बघायचं सुचलं नाही.

छावणीत साठ माणसांना एक प्लग होता. तात्यांचा फोन दोन दिवस बंद होता. दर तासाला नवी अफवा, पाणी चढलं, पाणी उतरलं, पूल गेला, पूल आहे. त्यांच्या शेजारी अंथरूण टाकलेले सयाजी पाटील मला नंतर भेटले. ते सांगतात, तात्या कुणाचं ऐकायला तयार नव्हते. 'लोकं काय बी बोलत्यात. फोन चालू हुंदे, आदर्शनं काय लिवलंय बघतो,' एवढंच म्हणायचे. गुरुवारी पहाटे प्लग मिळाला. फोन उघडल्यावर ॲपनं सगळ्यात वर मंगळवारचं दाखवलं, कारण अकरा हजारांना ते आवडलं होतं. आज सकाळी पाणी उतरलं. खराटे घेऊन चला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'दोन दिवसांपूर्वी' असं असणार, पण त्यांच्या चष्म्याला ते दिसणार थोडंच. लोक उठायच्या आत तात्या खराटा आणि फावडं घेऊन निघाले. मोठ्या रस्त्यावर पोलीस होते म्हणून उसातल्या पाणंदीनं गेले. आधी विहार धुवायचा आणि मग घर, असं ठरवून. पुढचं तुला माहीत आहे.

मला हे दवाखान्यात कळलं. तू पुण्याहून पोचायच्या आधी, शुक्रवारी रात्री. तात्यांच्या पिशवीतला फोन मी पुसून चार्जिंगला लावला, दोन तासांनी तो उजळला आणि समोर माझीच बातमी उघडी होती. मी ती तीन-चार वेळा वाचली, दुसऱ्या कुणी लिहिली असावी तशी. वर खाटेवर तात्या ऑक्सिजन लावून पडलेले, तोंडावरचा मास्क बाजूला करून माझ्याकडं बघत होते. त्यांना कळलं की मला कळलं.

आता ते सांगतो ज्यासाठी कागद घेऊन बसलो. त्या वेळी तात्या एवढंच म्हणाले, 'पोरीला सांगू नको. म्हातारा चुकला म्हणतील, चार दिवस बोलतील आणि इसरतील. तुझं नाव गेलं तर पुढच्या पाण्याला लोकांनी कुणाचं ऐकायचं?' मी बरं म्हणालो. लगेच म्हणालो, संघप्रिया, एक क्षणही थांबलो नाही, आणि सुटल्यासारखं वाटलं, हे मला आजवर कुणालाही सांगता आलेलं नाही. तू खोदून खोदून विचारत राहिलीस, का गेलात, कुणी सांगितलं, आणि तुझे प्रश्न थांबावेत म्हणून ते तुझ्यासमोर विसरभोळे होत गेले. गेल्या महिन्यात तू फोनवर त्यांना विचारलंस, तात्या, आज वार कोणता. त्यांनी सोमवार सांगितला. मी शेजारी बसलो होतो. गुरुवार होता, आणि त्याच सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं गुरुवार लिहून नोंद टाकली होती. फोन ठेवल्यावर माझ्याकडं बघून हसले आणि चहा टाक म्हणाले. मी टाकला. नऊ महिने मी त्या माणसाच्या घरी चहा पितोय आणि तो माझ्यासाठी स्वतःला येडा ठरवून घेतोय. आता तर त्यापायी घरही सोडायला निघालाय. त्यांना दिलेला शब्द मी आज मोडतोय. हे पत्र तुला बुधवार-गुरुवारपर्यंत मिळेल. शुक्रवारी सकाळी सहाला, तात्यांच्या नोंदीच्या खाली, मी हे सगळं नव्या पानावर माझ्या नावानं लिहिणार आहे. लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते त्यांनी ठरवावं. झुंबरबाई इंच शिकतेय, केरबा आहे, पुढच्या पाण्याला गाव माझ्या एकट्यावर अवलंबून नाही. तात्यांना न्यायचं की नाही हे तुझं तू ठरव, त्यात मी बोलणारा कोण. पण म्हातारपणी बापाचं डोकं फिरलं असं समजून नेऊ नकोस. रविवारी ये, माझ्याशी भांडायला ये, पाहिजे तर हात उचल. तात्यांना मात्र आता वार विचारू नकोस.

तुझाच, तू म्हणू देशील तर,
आदर्श